जिन्याची तिसरी पायरी

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला रडता येत नाही. म्हणजे हे लिहून तुमच्यापर्यंत काही पोचेल, अशातला भाग नाही. पण तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, घर मोकळं झालं, आणि सोप्यात तुमची ती काळी घोंगडी घडी घालून ठेवलेली दिसली की माझी मान आपोआप खाली जाते. कुणाजवळ बोलावं म्हटलं तर बोलूनही झालं. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. बाहेरून कुणी तणतणत आलं की तुम्ही म्हणायचात, "आदी पानी घे, मग कागाळी सांग." आता पाणी पुढं करायला तुम्ही नाही. तेव्हा कागाळीच सांगते, आणि ती माझीच आहे.

तुम्ही गेलात त्या सकाळी आळीतल्या बायका आल्या, पदर डोक्यावर ओढून सोप्यात बसल्या, आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सासू गेली की सुनेनं सूर धरायचा, तिचा एकेक गुण आठवून मोठ्यानं रडायचं, ही उंब्रजची रीत मला काय ठाऊक नव्हती? दहा वर्षं तुम्हालाच बघत आले होते. पण तोंड उघडलं आणि एक गुण आठवेना. आठवलं ते काय, तर डोहाळजेवणातला तुमचा टोमणा. समोर तुम्ही निजलेल्या, नाकात कापूस, कपाळ ओलं, आणि माझ्या डोक्यात सात वर्षांपूर्वीचा टोमणा. शेवटी आळीतल्या राहीबाईनं सूर धरला आणि माझी सुटका झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकल्याली हाय ती. तिला न्हाई आसं रडाय येत." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं दुःखानं.

तुम्ही हे कसं करायचात, ते बघून मला राग यायचा. आळीत कुणीही गेलं की पहिलं बोलावणं तुम्हाला. तुम्ही जाऊन बसायचात, पदर तोंडाला लावायचात, आणि त्या माणसानं जन्मभरात केलेली बारीकसारीक चांगली गोष्ट तुमच्या तोंडून बाहेर पडायची. कुणी दुष्काळात कुणाच्या गाईला वैरण टाकली, कुणी नदीला पूर असताना कुणाच्या लेकीला पलीकडं पोचवलं. घरच्यांनासुद्धा ते ठाऊक नसायचं. ते ऐकून घरचे रडायचे, आणि मग जरा सावरायचे. बायका म्हणायच्या, म्हातारी जाईल तेव्हा हिच्यासाठी असं कोण रडणार?

माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा तुमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या. त्यांनी तुमचं काय केलं होतं हे आळीतल्या पोरासोरांना ठाऊक. तुम्ही नवी नवरी असताना तुम्हाला गोठ्यात जेवायला बसवायच्या. एकदा चुलीतलं जळतं लाकूड तुमच्या मनगटावर टेकवलं, तो डाग तुमच्या बांगड्यांच्या वर कायम दिसायचा. आणि तुम्ही त्यांच्या उशाशी बसून काय रडलात? "आक्का गं, माज्या तापात माजं डोस्कं मांडीवर घेतलंस, माजी येणी घातलीस गं आक्का!" घरी आल्यावर आंघोळ करून तुम्ही चुलीपुढं बसलात, तर मी तिथंच धरलं तुम्हाला.

"आत्याबाई, त्या बाईनं तुमचा हात भाजला. आणि तुम्ही वेणीचं रडलात?"

"मग काय हाताचं रडू?"

"रडा नाहीतर नका रडू. पण खोटं कशाला?"

"खोटं कसलं गं? येणी घातली हुती की. येकदाच घातली, पन घातली."

"आणि हा डाग?"

तुम्ही मनगट उलटं करून बघितलंत, जणू तिथं काय आहे ते बघायचं राहूनच गेलं होतं. "डाग हाय की. त्यो कुटं जातुय? त्येला काय आठवाय लागत न्हाई. येणी सुटून जाती, सुमे. तीच ध्यानात ठिवाय लागती."

मी त्यावर काहीतरी तिखट बोलले. काय बोलले ते आठवत नाही, आणि आता कळतंय की जे मला आठवत नाही तिथंच नेमकी माझी चूक असते. ते भांडण आपण दहा वर्षं अधूनमधून भांडलो. तुम्ही हसून उठून जायचात, मी जिंकले असं समजायची.

माझ्या माहेरचं वळण तुम्हाला ठाऊक होतं. बाबांची सांगलीत हळदीची अडत. बाबा पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि शंभर हळकुंडांतून नेमकं किडकं तेवढं बाहेर काढायचे. पेठेत त्यांचा लौकिकच होता त्यासाठी. घरातही तेच. कुठल्या लग्नात आमच्या माणसांना पाट उशिरा मांडले, कुणाच्या मुंजीत आजोबांना हाक मारायची राहिली, वीस-वीस वर्षांपूर्वीचं आम्हाला पाठ. दिवाळीला सगळे जमलो की तेच काढून बसायचो, आणि त्यात एक मजाही यायची, खोटं कशाला बोलू. त्याला आम्ही चांगली स्मरणशक्ती म्हणत होतो. त्यात मी सातवीची फायनल पास झालेली. अर्ध्या हळकुंडानं माणूस पिवळं होतं म्हणतात, मी तर हळदीच्याच घरातली.

तुमचा लेक लढाईवरून परत आला तेव्हा मात्र माझी ती स्मरणशक्ती काही कामाची ठरली नाही. इटलीपर्यंत जाऊन आलेला माणूस, पण आल्यापासून बोलेना. बंबात लाकूड तडकलं तरी दचकायचा. मी जवळ बसून विचारायची, काय झालं तिकडं? आपल्या भागातले किती गेले? तुमच्या डोळ्यांसमोर कोण गेलं? ते उठून शेताकडं निघून जायचे. मला वाटायचं, मनातला सल बाहेर काढावा, म्हणजे माणूस मोकळा होतो. तुम्ही एक दिवस त्यांच्या ताटात भाकरी वाढताना विचारलंत, "का रं, तिकडं ग्वाड काय खाल्लंस?"

त्यांनी तुकडा मोडला. मग म्हणाले, "द्राक्षं."

"कुनी दिली?"

"एक म्हातारी हुती. तिच्या परसात आमी पडून हुतो. तिला आमची भाषा येत न्हाई, आमाला तिची न्हाई. पदरातनं आणायची. तुज्यासारकीच हुती, आये. वराडायची लय."

आणि हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, द्राक्षं काळी का हिरवी? तिसऱ्या दिवशी, म्हातारीला लेक हुता का? त्या म्हातारीच्या लेकाची गोष्ट निघाली, आणि ती चांगली नव्हती. ती सांगताना ते तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मी दाराआड उभी होते. माझा नवरा तुम्ही मला परत दिलात, तो असा. त्याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. उलट मनात म्हटलं, आईपाशी बोलतात, माझ्यापाशी नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. किती वेळ टाळू?

शालनच्या बारशाला सासरचं एक माणूस आलं नाही, ही माझी गोष्ट. पहिलं बाळंतपण म्हणून मी सांगलीला. मुलगी झाली. बाराव्या दिवशी माडीवर पाळणा बांधला, फुलं लावली, घुगऱ्या शिजल्या. हे तेव्हा पलटणीत. नणंद हौसाताई मेढ्याला, त्यांना दिवस गेलेले. पण उंब्रजहून तुम्ही तरी? आईनं दुपारपर्यंत वाट बघितली आणि शेवटी शेजारच्या काकूंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! दरवेळी तिच्यात तो डोहाळजेवणाचा टोमणा पण यायचा. ओटी भरताना सगळ्या बायकांदेखत तुम्ही म्हणाला होता, "आमची सून शिकल्याली हाय. पोरगं बी पुस्तकातनं काढंल!" बायका किती हसल्या. मी सात महिन्यांची गरोदर, तोंड लाल करून पाटावर बसलेली. तेव्हा ठरवलं होतं की हे विसरायचं नाही. नाही विसरले.

आणि तुमची गोष्ट वेगळीच होती. जसजसं वय होत गेलं तसतशी तुमच्याकडची कडू आठवण एकेक गळत गेली. थोरल्या जाऊबाई तर पार देवमाणूस होऊन बसल्या. सासरे दारू पिऊन यायचे ते गेलं, जत्रेतून तुम्हाला बत्तासे आणायचे ते राहिलं. मी मनात म्हणायची, म्हातारपण आलं, डोकं पिकलं. स्वराज्य आलं त्या वर्षी, सुगी झाल्यावर, मेढ्याहून हौसाताईच्या सासूबाई आणि दोघी-तिघी बायका आल्या होत्या. तुम्ही सोप्यात बसून शालनला कुशीत घेऊन सांगत होता.

"हिचं नाव म्या ठिवलंय. लढाईचं दिस, पेट्रोल मिळंना, मोटार कोळशावरची. येका चढाला तिला दम लागला, तवा आमी समद्या खाली उतरून चाललो. मग आगगाडी. सांगलीत पोचूस्तवर ऊन डोक्यावर. पोरीला मांडीवर घितली तर तोंड ह्ये येवडं. कुंची घातली आन कानात सांगितलं, शालन."

मी चहाचं ताट घेऊन उभी. सगळ्या बायका कौतुकानं ऐकतायत. माझ्या अंगाची आग झाली. माझं दुःख या बाईनं घेतलं आणि त्यातून आपल्यासाठी सणाचं लुगडं विणलं, असं वाटलं. मी ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही आलाच नव्हता. बारशाला उंब्रजचं कुणीसुद्धा आलं नव्हतं."

मग मेढ्याच्या विहीणबाईंकडं वळून मी हसत, अगदी गोड आवाजात म्हणाले, "वय झालंय त्यांचं. आताशा सरमिसळ होते."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग शालनच्या डोक्यावरून हात फिरवलात. "आसंल बाई," म्हणालात. "माजंच चुकत आसंल." आणि बशीतला चहा पिऊ लागलात.

त्याच दिवशी दिवेलागणीआधी आपण दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "सुमे, तुज्या म्हायेरी माडीच्या जिन्याची तिसरी पायरी हालती न्हवं?"

"हलायची. बाबांनी गेल्या साली ठोकून घेतली. का?"

"काय न्हाई. आठवलं आपलं."

आणि मी दूध बघायला उठले. आत्याबाई, माझं लग्न इथं उंब्रजला, तुमच्या दारात झालं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही, माझ्या हिशेबानं तुम्ही आमच्या सांगलीच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मग माडीच्या जिन्याची कुठली पायरी हलते हे तुम्हाला कुणी सांगितलं? पोत्यातलं किडकं हळकुंड अचूक काढणाऱ्याची मी लेक. पुराव्यासकट माणूस समोर बसलं होतं आणि मी दूध बघायला उठले.

माझं एक वाक्य नुसतं मेढ्याच्या पाहुण्यांबरोबर गेलं नाही, ते आधी आळीत फिरलं. म्हातारीला भ्रम होतोय, सूनच सांगत होती. त्या उन्हाळ्यात कुंभाराचे आबा गेले. बोलावणं आलं, पण नुसतं "या" म्हणून. जाऊन बघते तर राहीबाईला पुढं बसवलेलं. एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हातारीचं आता काय खरं? मेलेल्याचं सोडून भलत्याचंच सांगायची." तुम्ही ते ऐकलंत. खांबाला टेकून मागं बसलात आणि पदर तोंडाला लावून रडलात, एक शब्द न उच्चारता. आबांनी तुमच्या लग्नातली बोळकी फुकट घडवून दिली होती, हे तुम्ही मला वाटेत सांगितलं होतं. ते तिथं कुणी बोललं नाही. राहीबाईला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर तुम्ही कुणाच्याही दारात सूर धरला नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, "आता आवाज लागत न्हाई बया."

मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना टाक दोनदा खाली ठेवला. पण वाटलं होतं, बरं वाटलं होतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी आई सांगलीहून आली. आमच्या आईला असं रडायची सवय नाही, पेठेतल्या बायका पदरात तोंड घालून हळूच रडतात. पण उंबऱ्यात पाय ठेवला, तुमची जागा मोकळी दिसली, आणि ती खालीच बसली. आणि तुमच्यासारखा सूर लावून रडायला लागली.

"विहीणबाई, पाचवीला उन्हातान्हाच्या आलात हो! पोटाशी कुंची धरून आलात, माझ्या जिन्यात बसलात, कोरड्या तोंडानं माघारी गेलात हो विहीणबाई!"

बायकांनी तिला धरलं. राहीबाई नंतर म्हणाली, "सांगलीची इहीण लय चांगली रडली. म्हातारीला जे वाटायचं, त्येच बोलली." मी उठले. आईला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"आई, पाचवीला कोण आलं होतं?"

"कोण म्हणजे? तुझ्या सासूबाई."

"कधी?"

"असं काय करतेस? भर दुपारी आल्या होत्या. माडी चढून दारापर्यंत आल्या. तूच म्हणालीस ना मला, सांग झोपले म्हणून. पाचवीला बाळंतीण झोपलीय असं सांगताना माझी जीभ चाचरली. त्या दिवशी जागायचं असतं, सटवाई येते म्हणतात. त्या म्हणाल्या, निजू द्या, उठवू नगा. मग मी बाळाला बाहेर आणून दिलं. तिथंच पायरीवर बसल्या, मांडीवर घेतलं, कुंची घातली. म्हणाल्या, नाव काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण माझ्या धाकट्या बहिणीचं नाव शालन होतं, लहानपणीच गेली. आणि बाळाच्या कानाशी लागल्या. बारशाला काकूंना मी तेच नाव सुचवलं."

"मग बारशाला का नाही आल्या?"

आईनं पदर सारखा केला. "म्हणाल्या, पोरीला माझा राग आहे. मी आले तर तिला घास गोड लागणार नाही. बारशाला तिचं तोंड हसरं राहू दे."

"तू मला सात वर्षं का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव काढलं की तू भिंतीकडं तोंड करायचीस. आणि तुला ठाऊक नाही, हे मला गं कसं कळावं? तू तर जागी होतीस."

मी ट्रंक उघडली. तळाशी शालनची कुंची होती, हिरव्या इरकलीच्या काठाची. ती आईनं शिवली असं मी समजत आले होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं, मीच समजले होते. तुमच्या अंथरुणातली वाकळ आणून शेजारी ठेवली. वाकळीत तुमच्याच जुन्या लुगड्याचे तुकडे. तोच काठ. सात वर्षं दोन्ही एकाच छपराखाली होत्या आणि वाकळ तर दर आठवड्याला माझ्याच हातांनी उन्हात पडायची.

आणि मग आत्याबाई, मला सगळं आठवलं. एकदम नाही, त्या रात्रीपासून थोडं थोडं. खोलीत शेपेची धुरी होती. खाली पोती उतरत होती, हळदीची धूळ खिडकीतून येत होती. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. तिसरी पायरी करकरली. ती अनोळखी माणसाच्या पायाखालीच करकरायची, घरचे सगळे तिच्या कडेनं चढायचे. आईनं दारातून सांगितलं कोण आलंय ते. मी मनात म्हटलं, मुलगी झाली, आता पुस्तकातनं मुलगीच निघाली म्हणणार. म्हणाले, सांग झोपले. मग बाहेरून तुमचा आवाज ऐकला, अगदी हळू. बाळाशी बोलत होता. मी पांघरूण कानावर ओढलं.

हे मी विसरले. तुम्ही सत्तरीच्या, मी सत्तावीस वर्षांची, आणि विसरले कोण? तुमच्या गोष्टीत मोटार होती, चढ होता, ऊन होतं, कुंची होती, सगळं होतं. गाळलं होतंत ते एवढंच, की सून झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तेवढा एक खडा काढून तुम्ही बाकीचे तांदूळ पाहुण्यांपुढं मांडलेत. मी खडा तेवढा जपून ठेवला, आणि तोही तुमच्या नावावर. बारशाचा दिवस मी इतक्या वेळा उगाळला की त्याच्या मागचा आठवडा त्याखाली गाडला गेला.

एक गोष्ट मात्र कळत नाही, आणि आता कळणारही नाही. त्या दिवशी पाहुण्यांसमोर "माजंच चुकत आसंल" म्हणालात, ते मला सांभाळून घ्यायला? एक वाक्य बोलला असतात, "तू झोपल्याचं सोंग घेतलं हुतंस," तर माझं तोंड सगळ्या मेढ्यासमोर काळं झालं असतं. तुम्ही ते गिळलंत? की मी एवढ्या खात्रीनं बोलले म्हणून तुम्हाला स्वतःचाच संशय आला, आणि म्हणून तांदूळ निवडताना पायरीचं विचारलंत? आपण खरंच गेलो होतो ना, हे चाचपून बघायला? पायरी हलायची, असं मी सांगितलं तेव्हा तुम्हाला कळलं असणार की तुमचं खरं आहे. तरीही पुढं काही बोलला नाहीत. आणि तरीही राहीबाईला जागा सोडलीत. यातलं काय खरं असलं तर मला कमी लाज वाटेल, हे शोधत बसले होते. दोन्हीकडून सारखीच वाटते.

तेराव्याला मेढ्याच्या विहीणबाई आल्या. तीच मंडळी, तोच सोपा. मी ठरवलं होतं की आज बोलायचं. जेवणं झाली. विहीणबाई पान लावता लावता आपुलकीनं म्हणाल्या, "लय माया हुती त्यांची. शेवटी जरा भरम झाला हुता, पन वयानं हुयाचंच. त्ये सांगलीचं सांगायच्या बगा."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भ्रम नव्हता. आत्याबाई आल्या होत्या. पाचवीला आल्या होत्या. मी जागी होते, आणि झोपले म्हणून सांगितलं."

शालन माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, काय बाई आहे ही! मी त्याचीच वाट बघत होते, आत्याबाई. मला ते हवं होतं.

विहीणबाई उठल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला, डोळे पुसले आणि राहीबाईला म्हणाल्या, "बगा, शेवटी शिकली की न्हाई आपली रीत? सासूचं बोलनं खरं कराय सोतावर आळ घितला पोरीनं. मेल्या मानसाचं आसंच ग्वाड बोलावं."

राहीबाईनं मान हलवली. कुणीतरी म्हणालं, चांगली निघाली हो सांगलीची. आणि पानाचं तबक पुढं सरकलं.

जन्मात एकदा मी तुमच्याबद्दल खरं बोलले, तर ते गुण गाऊन रडणं ठरलं. तुमच्या नावावर भ्रम तसाच राहिला, आणि मला वर चांगुलपणा मिळाला. आता कुणाला कितीही सांगितलं तरी ते तसंच घेणार. मेढ्याची मंडळी गेल्यावर मी हौसाताईंना पण सांगितलं. तुमची लेक, पण त्यांनीही माझा हात धरून म्हटलं, "वयनी, आईला ऐकून बरं वाटलं आसंल."

रात्री शालननं विचारलं, आई, आजी माझं नाव ठेवायला खरंच आली होती? मी हो म्हणाले. मग तिला तुमच्यासारखीच सांगायला बसले, कोळशावरची मोटार, तो चढ, खाली उतरून चालणाऱ्या बायका, डोक्यावरचं ऊन. तिला आवडली. कुंची दाखवली, ती तिच्या बाहुलीला घालून बघितली. पायरीपर्यंत आले आणि थांबले. तुम्ही इथं काय करायचात ते मला ठाऊक होतं. तुम्ही सरळ बाळ मांडीवर घ्यायचात.

मला तसं करायची परवानगी नाही. तुमच्या गोष्टीतलं गाळलेलं मी परत घालणार आहे, दरवेळी, कुणी विश्वास ठेवो न ठेवो. पहिल्यांदा लेकीला सांगितलं. तिनं ठेवला विश्वास. बाहुली खाली ठेवली आणि माझ्यापासून थोडी सरकून बसली.